झोपलेला लॅपटॉप बॅटरी का खातो?

व्यापार म्हणजे हिशेब, आणि आजचा हिशेब लॅपटॉपमध्ये आहे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला. १ एप्रिल २०१८ पासून राज्याबाहेर जाणाऱ्या मालासाठी ई-वे बिल आले. ज्या लहान पेढीचे काम लाल वहीवर भागत होते, तिलाही संगणक घ्यावा लागला. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी या यंत्रमागाच्या गावांत आज सूतवाल्यापासून ग्रे कापडाच्या दलालापर्यंत बहुतेकांच्या बगलेत लॅपटॉपची बॅग दिसते.

या यंत्राबरोबर एक तक्रारही घरोघर आली आहे. रात्री पूर्ण चार्ज करून झाकण मिटले आणि सकाळी पार्टीकडे जाऊन उघडले, तर बॅटरी वीस टक्के. कधी तर यंत्र चालूच होत नाही. ट्रक दारात उभा, बिल बनवायचे आहे आणि चार्जर घरी राहिला. अशा वेळी माणूस यंत्राला दोष देतो, दुकानदाराला दोष देतो आणि शेवटी दुरुस्तीवाल्याकडे जातो. तो म्हणतो, ‘शेठ, बॅटरी गेली.’ काही हजार रुपये मोजून नवी बॅटरी बसवली जाते आणि महिन्याभरात तीच तक्रार पुन्हा सुरू होते. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, अशातला हा प्रकार आहे.

वास्तविक अशा अनेक तक्रारींत दोष बॅटरीचा नसतो, झोपेचा असतो. झाकण मिटल्यावर लॅपटॉप ज्या अवस्थेत जातो तिला ‘स्लीप’ म्हणतात. ही झोप नेमकी काय आहे आणि ती बिघडली आहे की बॅटरी बिघडली आहे, हे घरच्या घरी, एक पैसा खर्च न करता तपासता येते. व्यापारी बंधूंनी व घरबसल्या शिवणकाम, भरतकामाचा व्यवसाय करणाऱ्या भगिनींनीही ही माहिती नीट वाचून ठेवावी.

माग बंद, मोटर चालू

यंत्रमागाच्या कारखान्यात गेलेल्या माणसाला ही गोष्ट लगेच समजेल. कारागीर हँडल ओढून माग थांबवतो तेव्हा धोटा थांबतो, कापड विणले जात नाही, पण मोटरचे बटण बंद केले नसेल तर मोटर फिरतच राहते. लांबून पाहणाऱ्याला वाटते की माग बंद आहे. विजेच्या मीटरला मात्र तसे वाटत नाही.

लॅपटॉपची स्लीप ही अशीच अवस्था आहे. पडदा काळा होतो, पंखा थांबतो, पण आत वीज चालू असते. ती किती चालू असते यावर सगळा हिशेब अवलंबून आहे.

इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या कंपन्यांनी १९९६ साली संगणकाच्या वीजवापराचे एक मानक ठरवले. त्याचे नाव एसीपीआय. त्यात झोपेचे निरनिराळे दर्जे आहेत. व्यापाऱ्याने त्यांतले चार लक्षात ठेवले तरी पुरे.

(१) एस थ्री : ही जुनी, गाढ झोप. यात मुख्य प्रोसेसर, डिस्क, पडदा सर्व बंद होते. फक्त मेमरीला थोडी वीज मिळत राहते, कारण उघड्या फायली तिथे असतात. खर्च साधारण अर्ध्या वॅटच्या आसपास किंवा त्याहूनही कमी.

(२) एस फोर, म्हणजे हायबरनेट : यात मेमरीतला सगळा मजकूर डिस्कवर उतरवून ठेवला जातो आणि यंत्र बंद होते. उघडल्यावर तोच हिशेब, तीच फाईल समोर येते. बॅटरीचा खर्च जवळजवळ शून्य.

(३) एस फाइव्ह, म्हणजे शट डाऊन : यंत्र पूर्ण बंद.

(४) एस झीरो लो पॉवर आयडल, म्हणजे मॉडर्न स्टँडबाय : ही नवी झोप. सगळा घोटाळा बहुधा इथेच असतो.

मोबाईल फोनचे बटण दाबताच तो जागा होतो आणि झोपेतही त्याला संदेश येत राहतात. लॅपटॉपनेही तसेच वागावे, या विचाराने मायक्रोसॉफ्टने २०१२ साली विंडोज ८ मध्ये ‘कनेक्टेड स्टँडबाय’ आणले. २०१५ च्या विंडोज १० मध्ये त्याचेच पुढचे रूप ‘मॉडर्न स्टँडबाय’ या नावाने आले. यात यंत्र खऱ्या अर्थाने झोपत नाही, डुलकी घेते. मधूनमधून जागे होऊन ते मेल पाहते, अपडेट शोधते, नेटला जोडून घेते. सर्व काही ठीक असेल तर ही डुलकीही स्वस्तात पडते. पण एखादा सुटा भाग, एखादा प्रोग्रॅम किंवा जुना ड्रायव्हर यंत्राला गाढ झोपू देत नसेल, तर झाकणाआड रात्रभर मोटर फिरत राहते. आजच्या पुष्कळ नव्या लॅपटॉपमध्ये जुनी एस थ्री झोप ठेवलेलीच नाही. म्हणून ‘आमचा जुना लॅपटॉप चार-चार दिवस टिकत होता, नवा एक रात्र टिकत नाही’, ही तक्रार खोटी नाही. तिच्यामागे हे कारण आहे.

हिशेब मांडून पाहू

बॅटरीची ताकद वॅट-अवरमध्ये मोजतात. बॅटरीवर किंवा लॅपटॉपच्या माहितीपत्रकात हा आकडा छापलेला असतो. समजा, आपली बॅटरी ५० वॅट-अवरची आहे आणि लॅपटॉप रात्री १० तास मिटलेला आहे.

झोप चांगली असेल आणि खर्च अर्धा वॅट असेल, तर १० तासांत ५ वॅट-अवर गेले. म्हणजे बॅटरी १० टक्के उतरली. हे चालण्यासारखे आहे. झोप बिघडलेली असेल आणि खर्च ४ वॅट असेल, तर १० तासांत ४० वॅट-अवर गेले. म्हणजे ८० टक्के बॅटरी कामाविना संपली.

आता कोणी म्हणेल, ४० वॅट-अवर म्हणजे वीज ती किती? युनिटचा पंचविसावा भाग. दहा रुपये युनिट धरले तरी चाळीस पैसे. हे खरे आहे. पण नुकसान विजेचे नाही, बॅटरीच्या आयुष्याचे आहे.

लॅपटॉपमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. १९९१ साली सोनी कंपनीने ही बॅटरी प्रथम बाजारात आणली आणि २०१९ साली तिच्या संशोधनाला रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या बॅटरीचे आयुष्य चक्रांत मोजतात. एकूण शंभर टक्के खर्च झाला की एक चक्र पुरे झाले. मग तो एका दमात होवो की दोन दिवसांत. साधारण लॅपटॉपची बॅटरी ३०० ते ५०० चक्रे चांगली साथ देते. काही महागड्या यंत्रांत ती १००० चक्रांपर्यंतही जाते.

रोज रात्री ८० टक्के बॅटरी झोपेत जात असेल आणि महिन्यातल्या २५ रात्री असे घडत असेल, तर महिन्याला २० चक्रे आणि वर्षाला २४० चक्रे होतात. म्हणजे सव्वा ते दोन वर्षांत बॅटरीचे आयुष्य फक्त झोपेत खर्च होते. त्यात दिवसाचे काम आलेच नाही. बॅटरी ‘लवकर खराब झाली’ असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा ती रात्रीच्या अंधारात अशी वापरून संपलेली असते. इस्लामने इस्राफला, म्हणजे उधळपट्टीला, मनाई केली आहे. वाहत्या नळाची उधळपट्टी कानाला ऐकू येते. ही उधळपट्टी दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही, म्हणून ती जास्त दिवस चालते.

आणखी दोन तोटे आहेत. पहिला म्हणजे स्लीपमध्ये असताना बॅटरी पूर्ण संपली आणि यंत्राने वेळीच हायबरनेट केले नाही, तर न साठवलेले काम जाते. तासभर बसून भरलेल्या नोंदी पुन्हा भराव्या लागतात. दुसरा तोटा उष्णतेचा. बॅगेत बंद असलेला लॅपटॉप आतून जागा झाला की गरम होतो आणि हवा खेळायला जागा नसते. लिथियम बॅटरीला उष्णतेइतका दुसरा शत्रू नाही.

तीन रात्रींची कसोटी

हकीम नाडी पाहिल्याशिवाय औषध देत नाही. आपणही आधी नाडी पाहू. यासाठी तीन रात्री, एक कागद आणि एक पेन पुरे.

तिन्ही रात्री बॅटरी शंभर टक्के करावी, चार्जर काढावा आणि कागदावर वेळ व टक्के लिहावेत. सकाळी उघडल्याबरोबर पुन्हा वेळ व टक्के लिहावेत. मध्ये यंत्राला हात लावू नये.

पहिली रात्र : लॅपटॉप नेहमीप्रमाणे स्लीपमध्ये ठेवावा.

दुसरी रात्र : हायबरनेट करावे.

तिसरी रात्र : पूर्ण शट डाऊन करावे. इथे एक बारकावा आहे. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. तिच्यामुळे साधे शट डाऊन हे अर्धे हायबरनेटच असते. पूर्ण बंद करायचे असेल तर कीबोर्डवरची शिफ्ट कळ दाबून धरावी आणि मग शट डाऊनवर क्लिक करावे.

प्रत्येक रात्रीचा खर्च काढण्याची रीत सोपी आहे. समजा, ५० वॅट-अवरची बॅटरी ९ तासांत १०० वरून ६४ वर आली. ३६ टक्के म्हणजे १८ वॅट-अवर. त्याला ९ ने भागले की २ वॅट. हा आपल्या यंत्राचा झोपेतला खर्च. एक-दोन टक्क्यांचा फरक सोडून द्यावा.

आता निकाल वाचू.

(अ) पहिल्या रात्री बॅटरी पुष्कळ उतरली, दुसऱ्या-तिसऱ्या रात्री जवळजवळ उतरली नाही : बॅटरी निर्दोष आहे, दोष झोपेचा आहे. नव्या बॅटरीवर एक रुपयाही खर्च करू नये.

(ब) तिन्ही रात्री उतरली : बंद यंत्रातूनही वीज कुठेतरी जाते आहे. यूएसबीला लावलेल्या सर्व वस्तू काढून कसोटी पुन्हा घ्यावी. काही लॅपटॉपमध्ये बंद असतानाही यूएसबीतून मोबाईल चार्ज होण्याची सोय असते. नेटवरून यंत्र जागे करण्याची ‘वेक ऑन लॅन’ ही सोयही असते. बायोस सेटिंगमध्ये जाऊन या दोन्ही बंद कराव्यात. तरीही उतरत असेल तर बोर्ड किंवा बॅटरी दुरुस्तीवाल्याला दाखवावी.

(क) रात्री काही उतरत नाही, पण दिवसा काम करताना तास-दीड तासात संपते : झोप ठीक आहे, बॅटरी थकली असण्याचा संभव आहे.

(ड) चाळीस टक्क्यांवरून एकदम पाच टक्क्यांवर येते : बॅटरीतला एखादा सेल कमजोर झाला आहे किंवा टक्के मोजणारी यंत्रणा चुकते आहे. इथे बॅटरी बदलण्याचा विचार योग्य आहे.

दोषी कोण, हे यंत्रालाच विचारा

निकाल (अ) आला तर पुढची पायरी. विंडोजमध्ये याची नोंद ठेवलेली असते. ती मागावी लागते. स्टार्टच्या शोधपट्टीत सी-एम-डी ही तीन इंग्रजी अक्षरे टाइप करावीत. ‘कमांड प्रॉम्प्ट’ दिसेल. त्यावर माऊसचे उजवे बटण दाबून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडावे. काळी चौकट उघडेल. तिच्यात पी, ओ, डब्ल्यू, ई, आर, सी, एफ, जी ही आठ अक्षरे सलग लिहावीत. याला आपण पुढे ‘पॉवरसीएफजी’ म्हणू. त्यानंतर एक जागा सोडून तिरकी रेघ, म्हणजे स्लॅश, आणि पुढचा शब्द इंग्रजीत लिहून एंटर दाबावे.

‘पॉवरसीएफजी स्लॅश ए’ : आपल्या यंत्रात झोपेचे कोणते प्रकार आहेत ते कळते. यादीत ‘स्टँडबाय एस थ्री’ असेल तर जुनी झोप. ‘एस झीरो लो पॉवर आयडल’ असेल तर मॉडर्न स्टँडबाय. हायबरनेट चालू आहे की नाही तेही इथेच दिसते.

‘पॉवरसीएफजी स्लॅश स्लीपस्टडी’ : हा मॉडर्न स्टँडबायच्या यंत्रासाठी सर्वांत कामाचा अहवाल. स्लीपस्टडी हा एकच सलग शब्द आहे. गेल्या तीन दिवसांत यंत्र केव्हा झोपले, किती वेळ झोपले, किती बॅटरी गेली, त्यातला किती टक्के वेळ खरी गाढ झोप लागली आणि कोणी जागे ठेवले, हे सर्व त्यात येते. अहवाल कुठे साठवला ते त्याच चौकटीत लिहून येते. ती फाईल ब्राउझरमध्ये उघडावी. गाढ झोपेचा आकडा शंभराच्या जवळ असावा. तो फार खाली असेल तर ‘टॉप ऑफेंडर्स’ या मथळ्याखाली गुन्हेगाराचे नाव सापडते. बहुधा तिथे वाय-फायचा भाग, यूएसबी, ध्वनीचा भाग किंवा एखादा प्रोग्रॅम असतो.

‘पॉवरसीएफजी स्लॅश रिक्वेस्ट्स’ : या क्षणी यंत्राला झोपू नको म्हणून कोण सांगते आहे, ते दिसते.

‘पॉवरसीएफजी स्लॅश लास्टवेक’ आणि ‘स्लॅश वेकटायमर्स’ : शेवटी कोणी जागे केले आणि पुढे कोणत्या वेळेचा गजर लावलेला आहे, हे कळते. हे दोन्ही एकेक सलग शब्द आहेत.

‘पॉवरसीएफजी स्लॅश बॅटरीरिपोर्ट’ : हा बॅटरीचा दाखला. ‘डिझाईन कपॅसिटी’ म्हणजे कारखान्यातून निघतानाची ताकद, ‘फुल चार्ज कपॅसिटी’ म्हणजे आजची ताकद. पहिली ५०,००० आणि दुसरी ४२,००० मिलीवॅट-अवर असेल तर बॅटरीत ८४ टक्के जीव शिल्लक आहे. ८४ टक्के जीव असलेली बॅटरी कोणी ‘गेली’ म्हणत असेल, तर त्याला हा कागद दाखवावा.

यांपैकी कोणत्याही आज्ञेने यंत्रात बदल होत नाही. त्या फक्त माहिती देतात. म्हणून घाबरण्याचे कारण नाही.

उपाय

(१) झाकण मिटल्यावर हायबरनेट : हा सर्वांत खात्रीचा उपाय. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘पॉवर ऑप्शन्स’ उघडून ‘चूज व्हॉट क्लोजिंग द लिड डज’ येथे जावे. ‘ऑन बॅटरी’च्या खाली हायबरनेट निवडावे. यादीत हायबरनेट दिसत नसेल तर वरच्या काळ्या चौकटीत ‘पॉवरसीएफजी स्लॅश एच’, मग एक जागा सोडून ‘ऑन’ लिहावे. या सोयीसाठी डिस्कवर मेमरीच्या सुमारे ४० टक्के जागा लागते. म्हणजे ८ जीबी मेमरी असेल तर सव्वातीन जीबीच्या आसपास. एसएसडी डिस्क असेल तर यंत्र काही सेकंदांत उठते. जुन्या फिरत्या डिस्कला थोडा जास्त वेळ लागतो, तेवढा सब्र करावा.

(२) स्लीप थोड्या वेळासाठीच : नमाजला गेलो, जेवायला गेलो, गोदामात माल पाहून आलो, एवढ्यासाठी स्लीप ठीक आहे. रात्रीसाठी आणि प्रवासासाठी नाही. जुम्म्याच्या सुट्टीला गुरुवारी रात्री मिटलेला लॅपटॉप शनिवारी सकाळी उघडतो. हे झाले ३६ तास. चांगल्या झोपेतही अर्ध्या वॅटने १८ वॅट-अवर, म्हणजे ५० च्या बॅटरीतले ३६ टक्के जातात. ‘पॉवर ऑप्शन्स’च्या ‘ॲडव्हान्स्ड’ भागात ‘हायबरनेट आफ्टर’ येथे ३० किंवा ६० मिनिटे भरून ठेवली की आपण विसरलो तरी यंत्र विसरत नाही.

(३) आधी चार्जर काढा, मग झाकण मिटा : चार्जर लावलेला असताना यंत्र वीज फुकटची समजते आणि झोपेत जास्त कामे करते. काही लॅपटॉप त्याच अवस्थेत झोपी गेले की मागून चार्जर काढला तरी तसेच वागत राहतात. म्हणून निघताना क्रम हा ठेवावा : चार्जर काढणे, झाकण मिटणे, दिवे विझल्याची खात्री करणे आणि मगच बॅगेत ठेवणे.

(४) यूएसबीतल्या वस्तू काढा : वायरलेस माऊसचा लहान तुकडा, पेन ड्राइव्ह, बारकोड स्कॅनर आणि विशेषतः डिजिटल सहीचा टोकन. हा टोकन महिनोनमहिने लॅपटॉपलाच लावलेला असतो. तो यंत्राला गाढ झोपू न देण्याचा संभव असतो, शिवाय तो म्हणजे आपली सही आहे. सही बॅगेत उघडी फिरवणे शहाणपणाचे नाही.

(५) जागे करणारे गजर बंद करा : ‘ॲडव्हान्स्ड’ भागातच ‘स्लीप’खाली ‘अलाऊ वेक टायमर्स’ आहे. बॅटरीवर असताना तो ‘डिसेबल’ करावा. ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये माऊस व नेटवर्कच्या भागांपुढे ‘अलाऊ धिस डिव्हाइस टू वेक द कॉम्प्युटर’ ही खूण असते, ती काढावी. झोपेत नेटचा संबंध तोडण्याचा पर्याय ज्या यंत्रात दिसतो, तिथे तोही निवडावा.

(६) मिटण्याआधी आवराआवर : ब्राउझरमध्ये वीस-वीस पाने, व्हॉट्सॲप वेब, गाणी, ढगात फायली चढवणारे प्रोग्रॅम, हे सगळे उघडे ठेवून झाकण मिटणे म्हणजे दुकानातला माल रस्त्यावर ठेवून शटर ओढण्यासारखे आहे.

(७) ड्रायव्हर आणि बायोस : अहवालात वाय-फाय, ध्वनी किंवा चित्रकार्डाचे नाव आले तर त्याचा नवा ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्यावा. बायोस बदलताना चार्जर लावलेला असावा, आधी हिशेबाची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढलेली असावी आणि रिटर्न भरण्याची शेवटची तारीख डोक्यावर नसावी. ज्यांच्याकडे अजून विंडोज १० आहे त्यांनी लक्षात घ्यावे की त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे.

(८) व्हिडिओ पाहून शस्त्रक्रिया नको : ‘रजिस्ट्री’त एक ओळ घालून जुनी एस थ्री झोप परत आणण्याचे नुस्खे फिरत असतात. ज्या यंत्राच्या बायोसमध्ये ती झोपच नाही, त्याच्यावर हा प्रयोग केला तर ते झोपेतून उठतच नाही अशी पाळी येऊ शकते. हायबरनेटने काम भागते, मग ही जोखीम कशाला?

ॲपलच्या मॅकबुकवर काम करणाऱ्यांनी सेटिंगच्या ‘बॅटरी’ भागात, ‘ऑप्शन्स’मध्ये ‘वेक फॉर नेटवर्क ॲक्सेस’ हा पर्याय पाहावा. तो ‘नेव्हर’ किंवा ‘ओन्ली ऑन पॉवर ॲडॅप्टर’ ठेवला की झोपेतला बराच खर्च वाचतो.

बॅटरी खरोखर थकली असेल तर

बॅटरी कोणाचीच कायम टिकत नाही. दाखल्यात ताकद निम्म्यावर आली असेल तर ती बदलण्यात कसर करू नये. पण नवी बॅटरी घेताना लॅपटॉपचा मॉडेल क्रमांक, बॅटरीचा भाग क्रमांक आणि वॅट-अवर तिन्ही जुळवून पाहावेत, पक्के बिल घ्यावे आणि बसवल्याबरोबर दुकानातच बॅटरीरिपोर्ट काढावा.

नव्या बॅटरीला जपण्याची रीत सोपी आहे. वारंवार शून्यावर नेऊ नये. यंत्र दिवसरात्र गल्ल्यावर चार्जरला लावूनच असेल, तर कंपनीच्या ॲपमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय बहुधा असते, ती चालू करावी. महिना-दोन महिने यंत्र वापरायचे नसेल तर निम्मी बॅटरी भरून पूर्ण बंद करून ठेवावे. पूर्ण उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली तर ती पुन्हा उठत नाही.

टचपॅड वर आले, झाकण नीट बसेना, तळ फुगला, तर बॅटरी फुगली आहे असे समजावे. ती दाबू नये, टोचू नये, चार्ज करू नये. ताबडतोब दुरुस्तीवाल्याकडून काढून घ्यावी. भंगारात किंवा कचऱ्यात फेकू नये. तिने आग लागू शकते. आपल्या देशात २०२२ साली आलेल्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची योग्य विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. दुकानदाराने ती परत घ्यावी असा आग्रह धरावा.

वापरलेला लॅपटॉप घेताना आणि विकताना

आमच्या बाजारात नव्यापेक्षा वापरलेले लॅपटॉप जास्त घेतले जातात. विद्यार्थी, नवीन दुकान टाकणारे तरुण, घरून काम करणाऱ्या मुली यांना तेच परवडतात. आपण कापड घेताना ताका उलगडतो, पन्ना मोजतो, डाग पाहतो, तशीच यंत्राचीही पारख करावी. पैसे देण्याआधी दोनच आज्ञा चालवाव्यात : ‘स्लॅश ए’ आणि ‘स्लॅश बॅटरीरिपोर्ट’. पहिलीने झोपेचा प्रकार कळतो, दुसरीने बॅटरीचे वय. पाच मिनिटांचे काम आहे. जो विक्रेता ही पाच मिनिटे देत नाही त्याच्याकडून माल घेऊ नये.

विकणाऱ्यांसाठीही एक शब्द. मालातला ऐब लपवून विकणे आपल्या दीनमध्ये जायज नाही, हे प्रत्येक मुसलमान व्यापारी लहानपणापासून ऐकत आला आहे. ओल्या धान्यावर कोरडे धान्य पसरणे आणि थकलेल्या बॅटरीवर ‘कंडिशन ए-वन’ची चिठ्ठी लावणे यांत फरक नाही. बॅटरीचा दाखला छापून लॅपटॉपबरोबर द्यावा, बॅटरी ६० टक्के असेल तर ६० टक्के म्हणून सांगावे आणि त्याप्रमाणे किंमत लावावी. दुरुस्ती करणाऱ्या तरुणांनीही ग्राहकाला बॅटरी बदलायला सांगण्याआधी झोपेची तपासणी करावी. आज एका बॅटरीचा नफा जाईल, पण तोच ग्राहक उद्या दहा जणांना घेऊन येईल. धंद्यातली बरकत अशीच येते.

तात्पर्य एवढेच : थोडा वेळ थांबायचे असेल तर स्लीप, रात्र काढायची किंवा प्रवासाला निघायचे असेल तर हायबरनेट, आणि दोन-चार दिवस काम नसेल तर शट डाऊन. बॅटरीला दोष देण्याआधी तीन रात्री मोजून पाहा. कागदावरचे सहा आकडे जे सांगतील ते ऐका आणि मगच खिशात हात घाला.